गिटारची बारी

महाडच्या एसटी स्टँडवर आम्ही मुंबईच्या गाडीची वाट बघत उभे होतो, तेव्हा बाकावरच्या एका म्हाताऱ्या बाईंनी विलासच्या हातातली लांबडी काळी पेटी न्याहाळून मला विचारलं, "ह्याच्यात काय गो नेतंस?" मी म्हटलं, "वाद्य आहे मावशी, गिटार. नवरा वाजवतो." त्या म्हणाल्या, "आनि पोटाचा काय?" मी म्हटलं, "पोटही त्याच्यावरच." बाईंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं, आणि सरकून बाकावर जागा दिली. परदेशी निघालेल्या आम्हा दोघांना मिळालेला तो पहिला आशीर्वाद म्हणायचा.

तुडीलच्या मंडळींनो, महाडच्या मैत्रिणींनो, आणि आमच्यासारखंच बोचकं बांधून कुठे कुठे जाऊन पडलेल्यांनो, तो दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. साल असेल अठ्ठ्याण्णव. आईनं कुळथाचं पीठ, आमसुलं आणि पोह्याचे पापड एवढे दिले होते की हॉलंडात दुष्काळच पडलाय असं वाटावं. अण्णा, म्हणजे माझे वडील, बाजारपेठेतलं भांड्यांचं दुकान नोकरावर टाकून आले होते. "कंटाळलात तर परत या, दुकान आहेच," असं ते मला सांगत होते, पण ऐकवत जावयाला होते. त्यांच्या हिशेबात गिटार वाजवणारा म्हणजे वरातीतला बँडवाला, फक्त टोपी नसलेला.

विलासचे वडील मात्र स्टँडवर आलेच नाहीत. आदल्या दिवशी तुडीलला, त्याच्या गावी, पाया पडायला गेलो तेव्हा ओटीवर बसून ढोलकीची दोरी ताणत होते. "जायाचा तं जा. वाजवनाऱ्याला कुनी अडवू नये," एवढं बोलले आणि पुन्हा दोरी ताणायला लागले. मला रागच आला. एवढा मुलगा सातासमुद्रापलीकडे चाललाय, आणि ह्यांना दोरीचं पडलंय.

मामा म्हणजे भिकाजीबुवा. माझे सासरे आणि पंचक्रोशीतले नावाजलेले तुरेवाले शाहीर. बाहेरगावच्यांसाठी सांगते. आमच्याकडे गणपतीत शक्तीवाले आणि तुरेवाले यांचे जाखडी नाचाचे सामने होतात. मध्ये शाहीर आणि वाजवणारे बसतात, भोवती पायात घुंगरू बांधलेली पोरं गोल नाचतात. प्रत्येक पक्षाची एक बारी. बारीच्या शेवटी शाहीर गाण्यातूनच समोरच्याला सवाल टाकतो आणि थांबतो. मग समोरच्यानं उठून गाण्यातच जवाब द्यायचा, आणि वर आपला सवाल टाकायचा. कुणी उठलंच नाही तर गावाचं नाक गेलं. आणि आणखी एक, समोरचा आपल्या जोडीचा वाटला नाही तर मोठा शाहीर त्याच्यासाठी उठतच नाही. हाताखालच्या पोराला उठवतो.

विलास दहावीनंतर मुंबईला गेला तो माझगावला, गावकीच्या खोलीत. तुडीलच्या नोकरीवाल्या पुरुषांनी मिळून घेतलेली ती एक खोली, भिंतीला ओळीनं ट्रंका आणि रात्री ओळीनं माणसं. वरच्या मजल्यावर तशीच गोव्याच्या एका गावाची खोली होती. तिथले एक काका हॉटेलात गिटारवर जॅझ वाजवायचे. विलास त्यांच्याकडे जाऊन बसायला लागला, आणि बसला तो बसलाच. तो मला सांगतो, जॅझ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा परकं असं वाटलंच नाही. एक जण वाजवून थांबतो, दुसरा त्याला उत्तर देतो. हा तर आपला सामना, फक्त घुंगरं नाहीत.

मी तेव्हा महाडच्या एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये होते. कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमाला मुंबईहून वाद्यवृंद आणला होता, त्यात हा. लोक सिनेमातल्या गाण्यांच्या फर्माइशी करत होते आणि हा दोन गाण्यांच्या मध्ये आपलंच काहीतरी घुसडत होता. आमचे प्लांट मॅनेजर शेजाऱ्याला म्हणाले, "वायर लूज आहे काय?" टाळ्या वाजवल्या त्या मी एकटीनं, असं विलास आजही सगळ्यांना सांगतो. खरं सांगायचं तर मला संगीतातलं काही कळलं नव्हतं. मुलगा बरा वाटला होता.

रॉटरडॅमला आलो ते एका ड्रम वाजवणाऱ्याच्या बोलावण्यावर. नेल्सन त्याचं नाव, मूळचा केप व्हर्दे बेटांवरचा. गोव्यात त्यानं विलासला ऐकलं आणि म्हणाला, चल माझ्याबरोबर. मला रंगांच्या कारखान्यात, लॅबमध्येच काम मिळालं. पहिला हिवाळा वाईट गेला. दुपारी चारला अंधार पडायचा आणि मी कपडे धुवायच्या दुकानात मशीनसमोर बसून रडायची, कारण तिथे निदान ऊब होती. मग हळूहळू रुळले. फीट्सवरून कामाला जायला लागले, म्हणजे सायकल हो, आमच्या तोंडात आता फीट्सच येतं. तांदळाची भाकरी चांगली झाली की विलास म्हणतो "लेकर", म्हणजे तिकडच्या भाषेत झकास, आणि मग आम्हा दोघांना हसू येतं, कारण तुडीलला भाकरी चांगली झाली असं कुणी मुद्दाम सांगत नाही. ती खातात.

विलासची गिटार मात्र तिथे जी खुलली, त्याला तोड नाही. बायको म्हणून नाही सांगत. डाव्या हाताखाली जॅझ, आणि उजव्या हाताच्या अंगठ्यात जाखडीचा तो उडता ठेका. त्यात नेल्सनच्या बेटांवरची आर्त चाल, त्यात मोरोक्कोचं काही, ब्राझीलचं काही, आणि हे सगळं भेळ न होता एकजीव होतं. कसं होतं ते मला अजून कळलेलं नाही. मी चाळीस वेळा ऐकलेला तुकडा एकेचाळिसाव्या वेळी ऐकताना माझ्या हातातलं काम थांबतं.

ऐकणाऱ्यांच्या मात्र तऱ्हा. खालचा मोरोक्कन वाणी डोळे पुसत म्हणाला, ही माझ्या आजोळच्या लग्नातली चाल आहे. ती नव्हती. शेजारच्या सूरीनामी आजींना त्यात देवाचं नाव नाही म्हणून ते पसंत नव्हतं, पण मांडीवर त्यांची बोटं ठेका धरत होती आणि ते त्यांना ठाऊकच नव्हतं. एका वर्तमानपत्रानं लिहिलं, फार भारतीय आहे. दुसऱ्यानं लिहिलं, पुरेसं भारतीय नाही. मी दोन्ही कात्रणं फ्रिजवर शेजारी शेजारी लावली. मराठी मंडळाच्या गणपतीत एक गृहस्थ अर्ध्या तासानं उठून म्हणाले, "आता सुरू करा की, तंबोरे लावणं किती वेळ?" मला हसावं की त्यांच्या डोक्यात मोदक घालावा ते कळेना. विलास हसला. तो कुणावरच चिडत नाही, ते खातं माझ्याकडे आहे.

एकाच माणसाचं मत त्याला हवं होतं. पहिली कॅसेट निघाली ती त्यानं तुडीलला पाठवली. नंतर सीडी पाठवली, ती वाजवायचं यंत्रही पाठवलं. गावाला फोन केला की शेवटी तो विचारायचाच, "बाबा, ऐकलंत?" मामा म्हणायचे, "ऐकला. त्यात सवाल हाय कुठा? नुसताच वाजप." वाजप, म्हणजे नुसतं वाजवणं, आत काही नाही. विलास फोन ठेवून गिटार घेऊन बसायचा. मी त्याला म्हणायचे, जगानं डोक्यावर घेतलंय, एका म्हाताऱ्याचं काय घेऊन बसलास? तो म्हणायचा, "रेखा, ठेका त्यांचाच आहे. त्यांनाच ओळखू आला नाही तर मी वाजवतोय काय?" यश सगळीकडे मिळत होतं आणि माणूस आतून खंगत होता, हे मला दिसत होतं.

म्हणून एका गणपतीत मी सरळ ठरवलं की महाडला कार्यक्रम करायचा, आणि मामांना पुढच्या रांगेत बसवायचं. नेल्सन आला, हेंक नावाचा उंचच उंच बेसवाला आला. रविवारी दुपारी हॉल भरला. वकील, शिक्षक, एमआयडीसीतले माझे जुने सहकारी, कोर्टातले कारकून. अण्णा कडक इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला "जावई" असं सांगत होते, जणू लहानपणी त्यांनीच बोटं धरून शिकवलं. आणि मामा आले, आपल्या नाचाच्या सगळ्या मंडळासकट, पांढऱ्या टोप्या घालून. पहिली रांग त्यांनीच भरली. म्हाताऱ्यानं मध्येच उठून जाऊ नये एवढंच मी देवाला सांगत होते.

कार्यक्रम सुरू झाला. वकीलसाहेबांना पहिल्या दहा मिनिटांत झोप लागली. एक इंजिनीअर सगळं व्हिडिओ कॅमेऱ्यात घेत होता, त्यामुळे त्यानं काहीच ऐकलं नाही. शाळेतल्या बाई नको तिथे टाळ्या वाजवत होत्या, पण मनापासून. मागची तरुण पोरं हळूहळू पुढे सरकत होती. मामा मात्र दगड. दोन्ही हात काठीवर, नजर समोर.

शेवटच्या तुकड्यात विलास जाखडीच्या ठेक्यावर आला. चढवत चढवत नेलं आणि एकदम थांबला. ती त्याची नेहमीची जागा. चार श्वास शांतता, मग हेंकचा बेस सुरू व्हायचा. पण त्या शांततेत पहिल्या रांगेत चुळबुळ झाली. मंडळातला एक जण मामांच्या कानाशी लागला, आणि सगळ्या हॉलला ऐकू गेलं, "बुवा, सवाल टाकलान तुमच्यावर."

आणि मामा उठले.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांना वाटलं, पोरानं अख्ख्या तालुक्यासमोर बापावर सवाल टाकलाय. हेंकनं बेसवर हात ठेवला होता, तो नेल्सननं डोळ्यांनीच थांबवला. मामांनी कानावर हात ठेवला आणि त्या वयातही खणखणीत आवाजात गायला सुरुवात केली. आधी त्या तारांच्या चालीवर शब्द बसवून जवाब दिला, की तू दूर गेलास तरी ताल चोरून नेलास तो आमच्याच ओटीवरून. हॉल हसला. वकीलसाहेब जागे झाले. मग रीतीप्रमाणे त्यांनी आपला सवाल टाकला. सावित्री नदी महाबळेश्वरला जन्मली, पोलादपुराला खेळली, महाडाला नांदली, तुडीलवरून समुद्रात गेली. सांग शाहिरा, तिचं गाव कंचं?

मुलाला शाहीर म्हणाले ते. मी दारात उभी होते, अण्णांचा हात घट्ट धरून. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की मामांनी हाताखालच्या कुणाला उठवलं नव्हतं. स्वतः उठले होते.

विलासला गाता येत नाही, कधीच आलं नाही. तो गिटारसकट बापाकडे वळला. मग त्यानं वाजवलं. ते मी आधी कधीच ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. घाटातून खाली आल्यासारखे भराभर सूर, मग संथ, मग नेल्सनच्या बेटांवरची ती चाल, आणि त्या चालीखालून जाखडीचा ठेका, एवढा हळू की कान द्यावा लागला. मामांनी कान दिला. काठी शेजाऱ्याच्या हातात देऊन पुढे वाकून ऐकलं. मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटली नाही.

संपल्यावर मामांनी टोपी सारखी केली आणि निवाडा दिला, "जवाब अर्धा झाला. राहिलेला फुडच्या साली."

आमच्याकडे सामना अपुरा राहिला की असा पुढल्या वर्षावर टाकतात. विलास त्या रात्री इतका शांत झोपला की मी दोनदा बघून आले.

पुढल्या गणपतीत आम्ही गेलो. ओटीवरच बसून त्यानं पुन्हा जवाब वाजवला. मामा म्हणाले, "अजून थोडा हाय." त्याच्या पुढल्या वर्षीही तेच. तिकडे रॉटरडॅमला हा वर्षभर त्या एका सवालावर वाजवत असतो. लोक म्हणतात, ह्याचं वादन दर वर्षी बदलतं, खोल होतं. मी कुणाला कारण सांगत नाही. मला कुणी विचारतं, आता तुमचं घर कुठलं, तेव्हा मी पूर्वीसारखी अडखळत नाही. राहतो तिथे बिछाना आहे, पगार आहे, फीट्स आहे. पण आमच्याकडे आपलं काहीतरी येणं आहे असं दर वर्षी ठणकावून सांगणारं माणूस तुडीलला आहे, आणि त्याला मी घर म्हणते.

गेल्या खेपेला मात्र माझा संयम सुटला. विलास विहिरीवर गेला होता. मी मामांसमोर चहा ठेवला आणि म्हटलं, "मामा, खरं सांगा. जवाब केव्हाच पुरा झालाय ना? मग तसं एकदा म्हणून टाका की. किती दिवस टांगून ठेवणार पोराला?"

मामांनी विहिरीकडे एकदा नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"पुरा झाला म्हनलं, तं येल कशाला गो तो?"