पूल नाय
रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात सोल्डरिंगचा वास आला, की पनवेलची ती पत्र्याची शेड आठवते. लष्करासाठी लेखी संदेश पाठवणारे रेडिओ घ्यायचे होते आणि निवड माझ्या हातात होती. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराने सहा वर्षं खपून संच बनवला होता. चाचणीच्या दिवशी सकाळीच त्याने सगळ्यांदेखत माझी वायरिंगमधली चूक दाखवली होती. चाचणीसाठी मी कागदावर ‘पूल नाही’ लिहून दिलं. त्याने सवयीने ‘पूल नाय’ टाइप केलं. काही मैलांवर पळस्प्याला ठेवलेल्या दुसऱ्या संचावर तेच उमटलं, अक्षर न् अक्षर. मी शेरा लिहिला: संदेश चुकला, संच नापास. “सायेब, मशीन नाय चुकली, मी चुकलो,” तो म्हणाला. मला ते ठाऊक होतं. मी सही केली. तो वास मला अजून आवडतो.