वहिनीच्या कॅलेंडरावरच्या फुल्या

मेंदूचं गणित मांडणारा पेण तालुक्यातला पहिला माणूस मी, असं मी नव्वदच्या दशकात रोह्याच्या स्टाफरूममध्ये न विचारताच सांगत असे. कासूहून पॅसेंजरने रोज कॉलेजात गणित शिकवायला जायचो. लायब्ररीतल्या एका जुन्या अंकात वाचलं की मेंदूतल्या पेशींची लय समीकरणात बसवता येते, आणि झालं. घरात मेंदू तयारच होता. थोरल्या भावाला फिट यायच्या.

दादा मिठागरावर कामाला. घरात फिट आली की वहिनी कॅलेंडरावर फुली मारायची. शेजारचे काका सोबत असल्याशिवाय ती त्याला मिठागरावर सोडत नसे. दादाला त्याची लाज वाटे. "एकटा कवा जाऊ, तेवढं तुझ्या गणिताला इचार," तो म्हणाला.

दोन वर्षांच्या फुल्या मी आलेखावर मांडल्या. अष्टमीच्या आसपास, भांगाचं, म्हणजे सर्वांत कमी भरतीचं, पाणी असताना, गर्दी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात एकही नाही. काय सुरेख लाट बसली!

"म्हंजे माझा मेंदू होडी हाय, भरती बघून हलायला?" दादा हसला. पण मी लिहून दिलेला सुरक्षित तारखांचा कागद त्याने खिशात घातला.

"भावजी, नक्की ना?" वहिनीने विचारलं.

"गणित आहे, ज्योतिष नव्हे," मी म्हणालो.

पुढच्याच उधाणाला तो एकटा गेला. घोटाभर पाण्यात पालथा सापडला.

दहाव्याला काका माझ्याशेजारी येऊन बसले. "उधाणाला खाडीचं पाणी मिठागरात घ्यायचं, म्हणून तो दिवस दिवस तिथंच. फिट येऊन लई वेळा पडलाय. मी धरायचो. घरी सांगू नको, कामावरनं काढतील, म्हणायचा."

"मग एकट्याला का जाऊ दिलंत?"

"तुझा कागद दाखवला ना. भावाला समदं सांगितलंय म्हणाला. प्रोफेसरापुढं मी काय बोलणार?"

दादा घरी कधी असतो, एवढंच माझी लाट सांगत होती. उधाणात हा असतो कुठे, हे पहिल्या वर्षाच्या पोरानेही विचारलं असतं. मिठागरवाल्यांच्या घरात वाढून मी विचारलं नाही.

वहिनीला वाटतं, एखादी फुली मारायची तिच्याच हातून राहिली. कुणी घरी आलं की ती तसं सांगते. मी तिथेच बसलेला असतो, आणि काकांनी सांगितलेलं तिला सांगत नाही.