वालाला पाणी कोण चोरतं?

"नाक घास. हितंच, बांधावर."

शेठ छत्री टेकून उभा होता. माझा नवरा गुडघ्यांवर बसला आणि त्यानं ओल्या बांधावर नाक घासलं. मग छत्रीचं टोक माझ्याकडं वळलं. "हिनं पन." मीही घासलं. नाकात चिखल गेला. गावची माणसं बघत होती.

आळ पाणीचोरीचा होता. ओढ्याचं पाणी पाटानं शेठच्या काकडीच्या मळ्यात जायचं. त्याच्या गड्यानं पाट उघडा टाकला आणि तो जत्रेला गेला. पाणी बांध फोडून आमच्या फुलावर आलेल्या वालात शिरलं. चार दिवसांत मुळं कुजली. लढाई चालू होती, दुकानात धान्य नव्हतं, त्या वालावर आमचा उन्हाळा निघायचा होता.

वाल कसा येतो, हे खालापुरात शेंबडं पोरही सांगेल. भात कापलं की त्याच ओलीवर पेरायचा, पुढं तो दवावर वाढतो. पाणी तुंबलं की मेला. पीक आमचं मेलं आणि चोरही आम्हीच! चोराच्या उलट्या बोंबा.

पण नवरा म्हणाला, "चुकलं, शेठ."

शेठ दिसला की आमच्या तोंडून रामरामाच्या आधी 'चुकलं' निघायचं. जमीन त्याची, झोपडी त्याच्या जमिनीत, कुडाच्या काठ्याही त्याच्याच बांबूच्या बेटातल्या. जाणार कुठं?

आठ दिवसांनी शेठनं आम्हाला पाटलाच्या ओटीवर बोलावलं. त्याच्या कारकुनानं कागद वाचला. पाणी चोरल्याचं कबूल, म्हणून राजीखुशीनं शेत सोडतो, असं त्यात होतं. नवऱ्याच्या अंगठ्याला शाईही लावून झाली.

"चुकलं म्हनालास ना? मग लाव अंगठा."

नवऱ्यानं हात पुढं केला. त्या घडीला मला शेठपेक्षा त्याचाच राग आला. मी त्याचं मनगट धरलं. चारचौघांत, पदर सांभाळायचंही भान नव्हतं.

"वालाला पानी कोन चोरतं, शेठ?"

पाटील खाली बघत राहिला. त्याच्याही शेतात वालच होता.

"हिला गप कर रं!"

"चुकलं, शेठ," नवरा सवयीनं पुटपुटला. पण बोलता बोलता त्यानं मूठ मिटली. अंगठा आत. शाई तळव्याला लागली, कागद बिनअंगठ्याचाच राहिला.

शेत तरीही गेलं. पावसाच्या तोंडावर शेठनं झोपडी मोडायला लावली. आता आम्ही माथेरानच्या पायथ्याला, दुसऱ्या शेठच्या जमिनीत राहतो. तोही शेठच. त्याचाही पाट आमच्या वरच्या अंगाला आहे.

पण घरात मी बजावून ठेवलंय. आपली चूक नसेल, तर 'चुकलं' म्हणायचं नाही. पाट कोणी उघडा टाकला, ते आधी विचारायचं. ज्यानं टाकला, त्यानं नाक घासावं. माझं पुन्हा बांधाला लागणार नाही.