समुद्र आणि दोन म्हशी

त्याला काहीही विचारा, तो आधी म्हशीच्या पाठीवर थाप मारायचा आणि मग तोंड उघडायचा. पोरीचं लग्न कधी? थाप. यंदा वैरण कुठनं घेतलीस? थाप. तब्येत बरी आहे का? त्यालाही थाप. आणि थापेनंतर उत्तर ठरलेलं, "बघू की. म्हस काय म्हणती बघू."

तुमच्यापैकी जे कुणी कोल्हापुरात संध्याकाळचं आमच्या दूधकट्ट्यावर आले असतील, त्यांनी त्याला पाहिलंच असणार. म्हैस रस्त्याकडंला उभी, गिऱ्हाईक समोर उभं, आणि मागेल तेव्हा पेला कासेखाली धरून तिथल्या तिथं धार काढून द्यायची, असा आमचा धंदा. मिशीला फेस लागला नाही तर गिऱ्हाईक परत येत नाही. त्याच्या दोन म्हशी आणि माझ्या दोन एकाच रांगेत. त्याचं नाव मी लिहीत नाही. त्याला आवडायचं नाही, आणि कट्ट्यावरच्यांना नावाशिवाय कळेल. मी चौथीतनं शाळा सोडलेला माणूस, मला लिहायला वेळ लागतो. पण डोळ्यांनी बघितलं तेवढंच लिहितोय. कुणाला पटलं नाही तर नाही पटू दे.

माणूस बुटका, मनगटं जाड, आवाज मात्र बारीक. लग्न झाल्यापासून एक रात्र घराबाहेर झोपला नव्हता. सासुरवाडी कुरुंदवाडची, म्हणजे काही परदेश नव्हे, तरी हा जायचा, जेवायचा आणि उठायचा. "धार चुकंल," म्हणायचा. वैनी, म्हणजे त्याची बायको, चारचौघांत सांगायची, "माझ्या माहेरात ह्येंनी हात धुतल्यालं पाणी वाळायच्या आत ह्ये रस्त्याला लागलेलं असायचं."

वैनीला साखर होती. त्या साखरेनं डोळे धरले. एका डोळ्यानं आधीच नीट दिसत नव्हतं. राजारामपुरीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं की औषधं, इंजेक्शनं, सगळं करू, पण दुसऱ्या डोळ्याची हमी देता येत नाही. पुण्यात नोकरी करणारी त्यांची पोरगी सोबत होती. दवाखान्याच्या पायरीवरच तिनं विचारलं, "आई, तुझं काय बघायचं राहिलंय?"

वैनी म्हणाली, "समुद्र."

तुम्ही म्हणाल, कोल्हापूरकरांना समुद्र काय लांब? गगनबावड्याचा घाट उतरला की कोकण. मीही तेच म्हणालो. सकाळची धार काढून गाडीत बसा, संध्याकाळच्या धारेला परत या. पण पोरगी मलाच फाडून खायला उठली. "तात्या, आईनं उभ्या जन्मात आयतं ताट बघितलं नाही. चार दिवस तिला कुणीतरी वाढू दे की. पाण्याला शिवून परत यायला ती काय शाळेची सहल आहे?"

तिनं दोन रंगीत पुस्तकं आणली होती. एकात समुद्राकाठचं मोठं हॉटेल. राहणं, खाणंपिणं, गाणीबजावणी, सगळं एकाच पैशात. दुसऱ्यात बोट. बोट म्हणजे होडी नव्हे, अख्खी पेठ आत मावेल असली बोट, आणि तिच्यातही सगळं एकाच पैशात. दोन्हीतलं एक ठरवा, तिकीट मी काढते, असं सांगून पोरगी पुण्याला गेली आणि ती दोन पुस्तकं कट्ट्यावर आली.

मग काय, कट्ट्यावर दुसरा विषयच राहिला नाही.

"हॉटेलात हाताला पट्टा बांधत्यात म्हणं," तो मला सांगायला लागला. "पट्टा दाखवला की कवाबी जावा, कायबी खावा."

"म्हंजे म्हशीच्या कानात बिल्ला असतोय तसा."

"व्हय. पर म्हशीला कुठं कायबी खायला मिळतंय?"

रोज पेलाभर दूध प्यायला एक मास्तर यायचे, ते बोटीच्या बाजूचे. ते म्हणाले, "बोटीवर पोहायचा तलाव असतो."

"समुद्रात तलाव?" त्यानं धार काढायची थांबवली. "मग समुद्र काय नुस्ता भवतीनं दाखवायला ठेवलाय व्हय, मास्तर?"

तालमीतला एक पैलवान हॉटेलाच्या बाजूचा, कारण तिथं उकडलेली अंडी मागाल तितकी मिळतात असं त्याच्या कानावर आलं होतं. मी पण हॉटेलाच्या बाजूचा. माणसाच्या पायाखाली जमीन पाहिजे, हे माझं मत तेव्हाही होतं, आजही आहे.

त्या पुस्तकांतला 'सगळं त्यातच' हा शब्द त्याला फार आवडला. गिऱ्हाईकानं विचारलं, दुधात साखर घालून मिळेल का, तर म्हणायचा, "सगळं त्यातच हाय." एकदा म्हशीनं शेपटी मारली आणि कुणा पाहुण्याच्या पांढऱ्या विजारीवर शेणाचा पट्टा उठला. पाहुणा भडकला. हा शांतपणे पेला पुढं करून म्हणाला, "घ्या पावणं, सगळं त्यातच हाय." पाहुण्यालाही हसू आलं.

पण खरं विचाराल तर त्याचं मन हॉटेलावर होतं ते अंड्यांसाठी नव्हतं. एकदा त्यानं ते मला सांगितलं. "तात्या, हॉटेलातनं उठून येता येतंय. म्हस आजारी पडली, फोन आला, गाडीत बसलं की आलो. बोटीतनं कुठं उतरू?"

हे बोलणं चाललेलं असताना वैनी वैरणीचा भारा घेऊन मागं येऊन उभी होती. भारा खाली टाकून म्हणाली, "मला बोटच पायजे."

"का गं? पाण्यात पाय घालायचं म्हणालतीस की."

"पाय घरात बादलीत घालीन. किनाऱ्यावर तुमचा जीव ऱ्हायचा न्हाई. पयल्या सकाळी पिशवी उचलून म्हशीकडं पळशिला. बोटीतनं कसं पळताय बघू."

अख्खा कट्टा हसला. तोही हसला, म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "बघू की." मी वैनीच्या तोंडाकडं बघत होतो. ती हसत नव्हती.

चार दिवसांनी त्यानं मला त्याचा निर्णय सांगितला. "बोट तर बोट. जायाचं. पर म्हशी आटू देत."

ज्यांनी म्हैस पाळली नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाभण म्हैस व्यायच्या आधी दोनेक महिने दूध द्यायचं थांबवते. त्याला आटणं म्हणायचं. एवढाच काळ गवळ्याचे हात मोकळे. पण दोन म्हशी असल्या की एक आटते तेव्हा दुसरी दुधात असते, आणि तसंच पाहिजे, नाहीतर चूल कशावर पेटणार? त्यानं काय ठरवलं, तर दोघींना एकाच महिन्यात रेड्याकडं न्यायचं, म्हणजे दोघी एकाच वेळी गाभण राहतील, एकाच वेळी आटतील, आणि तेव्हा नवरा-बायको बोटीत बसतील. दुसऱ्या कुणाला असलं सुचलं नसतं. आणि खरं सांगतो, मलाही त्यात तेव्हा काही चूक दिसली नाही. आम्हाला सगळ्याच गोष्टी म्हशीच्या बाजूनं दिसतात.

तरी मी म्हणालो, "चार दिवसांचा तर प्रश्न हाय. तुझ्या म्हशी मी पिळतो, तू जा."

"तुला देणार न्हाईत."

"मला? अरं, तुझ्या आधीपासनं मी धार काढतोय!"

"काढ मग."

मी बसलो. अंगाला वास यावा म्हणून त्याचा सदराही चढवला. म्हशीनं मान वळवून माझ्याकडं एकदा बघितलं आणि दूध चोरलं. कास दगडासारखी टम्म, आणि पेल्यात थेंब नाही. चुचकारलं, पेंड दिली, आईवरनं चार शिव्याही दिल्या. शेवटी तिनं पाय झाडून पेला लांब उडवला. मग तो आला, पाठीवर थाप मारली, आणि त्याच्या बोटांत धार वाजायला लागली. मास्तरांच्या आणि पैलवानाच्या देखत. त्याची म्हैस बिनवळणाची होती असं माझं मत आहे, ते मी बदलणार नाही.

एक म्हैस गाभण राहिली. दुसरी राहिली नाही, उलटली. पुन्हा नेली, पुन्हा उलटली. जनावरांचे डॉक्टर आले, औषध दिलं, तिसऱ्यांदा नेली, तरी राहिली नाही. तोवर पहिली आटायला आली होती.

पुण्यातनं पोरीचे फोन यायचे. मोबाईल स्पीकरवर टाकून तो धार काढायचा, त्यामुळं आम्हालाही ऐकू यायचं. "बाबा, विका त्या म्हशी!"

"विकून? आल्यावर मी कुणाच्या कासंखाली बसू?"

"आईच्या डोळ्यांचं काय?"

ह्यावर म्हशीच्या पाठीवर नुसती थाप वाजायची. तुम्ही त्याला निर्दयी समजू नका. दर आठवड्याला बायकोला स्कूटरवर पाठीमागं बसवून डॉक्टरांकडं न्यायचा. तिच्यासाठी स्वतः चहात साखर घालायची सोडली होती. पण दिवसातनं दोनदा त्याला म्हशीखाली बसावं लागायचं, आणि त्यातनं सुटायची वाट त्याला सापडत नव्हती. मलाही सापडली नाही. मास्तर एवढे शिकलेले, त्यांनाही सापडली नाही.

एका संध्याकाळी वैनी कट्ट्यावर आली होती. भरलेला पेला तिनं गिऱ्हाईकापुढं धरला. गिऱ्हाईक उजवीकडं उभं होतं आणि पेला डावीकडं, रिकाम्या जागेपुढं. तो पटकन उठला, तिच्या हातातनं पेला घेतला आणि गिऱ्हाईकाला दिला. मी बघितलं. त्यानंही बघितलं की मी बघितलंय. मग आम्ही दोघंही आपापल्या म्हशीकडं बघायला लागलो.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. एका सकाळी ती उठली आणि म्हणाली, "अजून उजाडलं न्हाई व्हय?" दारात ऊन आलं होतं.

तो तसाच तिला घेऊन गेला. म्हशी गोठ्यात, धार काढलेली नाही, वैरण टाकलेली नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याची धार चुकली. मग दवाखान्यात ऑपरेशन झालं, डोळ्याच्या पडद्यावर रक्त उतरलं होतं म्हणाले. तो तिच्या खाटेजवळनं हलला नाही. इकडं दुधातली म्हैस हंबरून हंबरून गल्ली डोक्यावर घेत होती. मी रोज जात होतो, तिच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं होतं. दिलं तर तांब्याभर, नाहीतर तेही नाही. चारच दिवसांत ती दुधातनं उतरली. पहिली तर आटलेलीच होती. म्हणजे ज्यासाठी तो थांबला होता ते झालं. दोन्ही खुंट्यांना कोरड्या म्हशी, आणि वैनीला मात्र उजेड कुठल्या बाजूनं येतो तेवढंच कळायचं.

पोरीनं बोटीचं तिकीट काढलं. मला वाटलं होतं तो नको म्हणेल. त्यानं पिशवी भरली. त्याच्या गोठ्यात वैरण टाकायचं काम माझ्याकडं आलं.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडं आला आणि ओट्यावर बसला. मी विचारलं, "कशी होती बोट?"

"लांबच्या लांब बोळ. दवाखान्यागत. हिचा हात धरून फिरत होतो."

"आणि जेवण?"

"जेवायला काय नव्हतं ते इचार. ताटात काय काय हाय ते हिला सांगस्तवर माझं गार व्हायचं."

मग बराच वेळ तो तळहात चोळत बसला. धार काढली नाही की आमचे हात असेच दुखतात.

"सकाळी हिला वर घिऊन गेलतो," तो म्हणाला. "कठड्याला हात लावून दिला. म्हणाली, सांगा. म्हटलं, पाणी. म्हणाली, आनि? म्हटलं, आनि पाणीच. म्हणाली, रंग कसला? मी बघितलं. तात्या, त्येला धड रंगच न्हाई. निळा म्हणावं तर हिरवा हुतोय, हिरवा म्हणस्तवर काळा. म्हशीचं मला सांगता येतंय. अंगावरनं हात फिरवून कुठं दुखतंय सांगीन. ह्ये येवढं मोठं, कुठनं सुरवात करू कळंना."

"मग?"

"मग काय. गप हुबा ऱ्हायलो. तीच म्हणाली, ऱ्हाऊ दे. तुम्ही हितं हायसा न्हवं, बास."

त्यानं म्हशी विकल्या. दुधातनं उतरलेली लगेच गेली, गाभण होती ती व्याल्यावर गेली. कुठं गेल्या ते मी विचारलं नाही. कट्ट्यावर त्याच्या जागेवर आता एका तरण्या गड्याची म्हैस उभी असते. चांगली आहे, कुणालाही दूध देते. मास्तर आता तिथं पेला भरून घेतात.

मध्यंतरी एका संध्याकाळी माझं दूध लवकर संपलं म्हणून मी त्याच्या घरी गेलो. दारातल्या पायरीवर दोघं शेजारी शेजारी बसलेली. वैनीनं तोंड रस्त्याकडं केलेलं, आणि तो बोलत होता.

"रिक्षा आली."

"कसली?"

"रिक्षागत रिक्षा."

"आत कोण हाय?"

"दोन बाया. एकीच्या मांडीवर कुकर हाय, नवा. पुठ्ठ्यातनं दांडी बाहिर आलीया."

"आता कोण थांबलंय?"

"तात्या आल्यात."

"कसं दिसत्यात?"

तो माझ्याकडं बघायला लागला. सावकाश, डोक्यापासनं. "थकल्यात," म्हणाला. "गालफडं आत गेल्यात. दाढी दोन-तीन दिसांची हाय. सदऱ्याचं वरचं बटण तुटलंय."

मी ठणठणीत आहे, असं मला सांगायचं होतं. पण वैनी मान कलती करून ऐकत होती. मी पायरीखाली तसाच उभा राहिलो, त्याचं सांगून होईपर्यंत.