आज न्हाय, भंडारा

मला कोल्हापुरात कामाला लावलं ते अक्कानं. हे आधीच लिहून ठेवतो. नाहीतर पुढं मी माझेच हाल सांगत बसेन आणि तिचं राहून जाईल, अशी मला धास्ती आहे. धास्ती मला तशी कशाचीही वाटते. स्वभावच तो.

अक्का माझी नात्यानं कुणी नव्हे. शिवाजी पेठेत एका बोळाच्या तोंडाशी तिचा एसटीडी बूथ होता. लहानपणी पोलिओनं तिचे दोन्ही पाय गेले होते. हातानं फिरवायच्या तीनचाकी सायकलीवरून सकाळी यायची, कुबड्यांवर पायऱ्या चढायची आणि एकदा का उंच खुर्चीत बसली की दिवसभर तो बोळ तिचा. मूळ गाव गडहिंग्लजच्याही पलीकडं, कर्नाटकाला लागून. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि आवाज दोन्हींत सारखाच मोठा. पेठेतल्या मुलींसारखं स्वतःबद्दल 'मी आलो, मी म्हणलो' असं बोलायची.

मी भंडारा जिल्ह्यातला. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती ती. नववीनंतर माझी शाळा सुटली. वडील कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, भट्टीवर कामाला होते, ती भट्टी बंद पडली आणि घरात थोरला मीच. गावातला एक जण कोल्हापुरात फौंड्रीत होता. दिवाळीला आला तेव्हा म्हणाला, "चाल माह्यासंगं, तिकडं कामच काम आहे." राज्याच्या एका टोकाला गाडीत बसलो आणि दुसऱ्या टोकाला उतरलो. महिनाभरात त्यालाच घराची ओढ लागली आणि तो परत गेला. त्याच्या खोलीतल्या कॉटवर मी राहिलो. जाताना तो म्हणाला होता, "तूही चाल." पण गावात सगळ्यांना सांगून आलेलो. कामाशिवाय परत गेलो असतो तर आईनं काही विचारलं नसतं, आणि तेच मला सोसलं नसतं.

छोट्या कारखान्यांच्या उद्यमनगरात मी एका शटरपासून दुसऱ्या शटरपर्यंत फिरायचो. आत लेथचा आवाज, बाहेर मी.

"दहावी?"

"नववी जी."

"आयटीआय?"

"नाही जी."

"बरं. फोन नंबर देऊन जा, कळवतो."

एका साडीच्या दुकानात मालकांनी मला पारखायला गिऱ्हाइकांपुढं उभं केलं. मी हळूच "या जी, बसा जी" म्हणालो. मालक म्हणाले, "पावणं, साड्या विकाय आलाय का मयताला आलाय?" दुकान हसलं. मीही हसलो. दुसरं काय करणार. गुळाच्या अडतीत रवे, म्हणजे ढेपा, उचलायला गेलो, तर हमालांनी माझ्या दंडाकडं बघून मला खाली बसवलं, गूळ-शेंगा खायला घातल्या आणि परत पाठवलं. हे शहर तोंडानं टाकून बोलतं आणि हातानं खायला घालतं, हे मला नीट कळायला वेळ लागला. तेव्हा मला वाटायचं, सगळे माझ्यावर रागावलेत.

पण अडचण होती ती फोन नंबरची. नंबर कुठून आणायचा? तेव्हा ज्याच्याकडं फोन नसे तो शेजाऱ्याचा नाहीतर दुकानदाराचा नंबर द्यायचा आणि पुढं 'पी. पी.' लिहायचा. मला तर शेजारीही नव्हता. मी अक्काच्या बूथसमोर बराच वेळ रेंगाळलो.

"पावणं, फोन करायचाय का नुसता बोर्ड वाचायचाय?"

मी म्हणालो, "जी, कामासाठी तुमचा नंबर दिला तर चालेल का जी?"

"दे की. नंबर काय झिजतोय व्हय? आणि ते जी-जी बंद कर. मी काय मास्तरीण हाय? कुठलं गाव?"

"भंडारा."

"अय्य! एवढ्या लांबनं?" तिनं काउंटरवरची शेंगदाण्याची पुडी माझ्याकडं सरकवली. "बस त्या बाकड्यावर. फोनची वाट बघणाऱ्याला हितनं कोण उठवत न्हाय."

त्या दिवसापासून माझं नाव भंडारा. अक्का माणसांना गावावरूनच हाक मारायची. बोळात एक मुरगूड होता, एक निपाणी होती. कुणाच्या मुलीची सोयरीक, कुणाचं दवाखान्यातलं माणूस, कुणाची नोकरी, सगळे फोन तिच्याकडं येत, आणि ती खुर्चीतूनच अशी हाक मारायची की चौथ्या घरातली बाई पीठ लागलेल्या हातानं धावत येई. निरोप ती डोक्यात ठेवायची. एकाचा निरोप दुसऱ्याला गेला, असं मी कधी पाहिलं नाही. वाईट बातमी असली तर ओरडायची नाही. कुणाला तरी धाडून त्या माणसाला आधी आत बोलवून घ्यायची, पाणी द्यायची, मग रिसिव्हर हातात.

मी सकाळी काम शोधायला निघायचो आणि संध्याकाळी परत यायचो. बोळाच्या वळणावर आलो रे आलो की तिचा आवाज यायचा, "आज न्हाय, भंडारा! चहा घे."

सुरुवातीला मला ते लागायचं. सगळ्या बोळासमोर काय ओरडते ही? मग ध्यानात आलं. ती ओरडली नसती, तर मी आशा धरून पायरीपर्यंत आलो असतो, तिच्या तोंडाकडं बघितलं असतं आणि मला विचारावं लागलं असतं. तेवढं ती मला करू देत नव्हती. लांबूनच सांगून टाकायची आणि वर चहा जोडायची.

चहा घेऊन मी बाकड्यावर बसायचो. नुसतं बसलं की नको नको ते मनात यायचं, म्हणून हाताला काहीतरी लागायचं. बूथमधल्या रिसिव्हरची ती वळ्यावळ्यांची वायर लोक बोलताना बोटाला गुंडाळत, पीळ देत, आणि दिवसअखेर तिचा गुंता होई. मी तो सोडवायचो. ओढायचो नाही, रिसिव्हर उलटा सोडून एकेक वळं मोकळं करत जायचो. अक्का कधी थांबही म्हणाली नाही, बरं केलंस असंही म्हणाली नाही. मला वाटे तिचं लक्षच नाही.

'तुम्ही' म्हणालो की मात्र खवळायची. "अक्का म्हणतोस आणि तुम्ही म्हणतोस? कंच्या घरात असतंय असं?" मग मी 'तू' म्हणायला लागलो.

उन्हाळा लागला. एके दिवशी माझा धीर सुटला आणि मी स्टेशनवर जाऊन परतीच्या गाडीची चौकशी करून आलो. संध्याकाळी वळणावर पोचलो. आवाज आला नाही.

मी थांबलो. अक्का खुर्चीत होती, मला बघत होती, पण ओरडली नाही. वाईट बातमीला ती ओरडत नाही हे मला ठाऊक होतं. आई आठवली, वडील आठवले.  तिनं हात करून बोलावलं.

"भितोस काय येड्या, सगळी बरी हायत. बस. तीन फोन आलते."

पहिला फौंड्रीतून. कास्टिंग घासायचं काम होतं, उद्यापासून या, पगार पहिल्या दिवसापासून. दुसरा माझ्या मामाचा, गावाकडून. तिथल्या राइस मिलमध्ये जागा निघाली होती, चार दिवसांत आलं तर मिळेल. आणि तिसरा उद्यमनगरातल्या एका मोटार वाइंडिंगच्या दुकानातून. जळलेल्या पंपाच्या मोटारीतली तांब्याची तार काढून नवी भरायची, असं काम. तिथं मी फार दिवसांपूर्वी विचारून आलो होतो.

"त्यो न्हाय म्हणून सांगायलाच फोन केलता," अक्का म्हणाली. "म्हणला, दहावी झालेलं पोरगं बघतोय, तारंचे वेढे मोजाय लागत्यात. मी म्हणलो, मोजायला नववी पुरती की. तर म्हणतोय, अक्का, पोरांना धीर नसतोय, तार वढून तोडत्यात. तवा मला राग आला. मी म्हणलो, मालक, हे पोरगं रोज माझ्या बाकड्यावर बसतंय. रोज त्याला न्हाय म्हणून सांगतोय मी. एकदाबी माझ्यावर चिडलं न्हाय. आणि माझ्या फोनची वायर पेठेतली समदी माणसं पिळत्यात, आणि ते एकटं सोडवतंय. कोण सांगितलंय त्याला? एक वळं तुटलं न्हाय आजवर. तुमची तार तुटंल व्हय?"

 मी घाबरून जे करत होतो ते तिनं असं पाहिलं होतं. माझ्या वाट बघण्याची कुणी किंमत केली असेल, असं माझ्या स्वप्नातही नव्हतं.

"म्हणला, धाडा. म्हैनाभर बघतो. जेवाण दील, पगार पसंत पडल्यावर."

आता खरी पंचाईत झाली. काम नव्हतं तेव्हा एकच दुःख होतं. आता तीन वाटा समोर आल्या आणि कुठलीही धरली तरी दोन सुटणार होत्या. फौंड्रीत गेलो तर घरी लगेच पैसे जातील. राइस मिल म्हणजे घरच. आणि वाइंडिंगमध्ये एक महिना हातात काहीच नाही, वर नापसंत पडलो तर तिन्ही वाटा गेल्या. मी म्हणालो, "अक्का, तूच सांग ना. तू म्हणशील ते करतो."

"मी कशाला सांगू? माझी कुबडी माझ्या मापाची हाय. तुझ्या बगलंत बसंल व्हय?"

  मग म्हणाली, "तम्मा, ऐक." कानडीत धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाली. "ह्यो बूथ अपंगाला म्हणून मिळाला. भाऊ म्हणला, अक्का, नाव तुझं असू दे, बसतो मी. तू घरात पापड लाट. आई बी तेच म्हणली. लोक बी तेच म्हणले. खुर्चीत बसायचं भ्या मला बी वाटत व्हतं, परक्या माणसांशी कवा बोललो नव्हतो मी. पण मी म्हणलो, नाव माझं हाय तर खुर्ची बी माझीच. पडलो तर मी पडंन." तिनं रिसिव्हर उचलून माझ्या हातात दिला. "आधी घरी बोल. काय ठरवतोस ते तुझ्या तोंडानं सांग."

गावात फोन किराणा दुकानात होता. वडिलांना बोलावून आणेपर्यंत मी वायरीशी चाळा करत उभा राहिलो. मग त्यांचा आवाज आला. सगळं सांगितलं. राइस मिलचं ऐकून ते सावकाश म्हणाले, "तुया जीव कशात आहे?"

"तारेच्या कामात वाटते, बाबा. पण एक महिना..."

"तुले जमन का?"

मी अक्काकडं बघितलं. ती मुद्दाम रस्त्याकडं बघत होती. मी म्हणालो, "जमन."

"मंग पाहून घे. इकडची काळजी नोको करू."

फौंड्रीला नाही म्हणून सांगायचा फोनही तिनं मलाच करायला लावला. माझा आवाज इतका बारीक निघाला की ती मागून ओरडली, "अरं, त्यास्नी ऐकू जाऊ दे की!"

दुसऱ्या दिवशी वाइंडिंगच्या मालकांनी मला खालून वर पाहिलं. "तूच काय फोनच्या वायरीवाला?" आणि एक जळकी मोटार पुढं ढकलली. काळ्या पडलेल्या तारा, करपलेल्या वार्निशचा वास. मी खाली बसलो आणि ओढाताण न करता एकेक तार मोकळी करायला लागलो. महिन्याअखेर मालक एवढंच म्हणाले, "उद्या लवकर ये, राधानगरीकडच्या मोटारी आल्यात." पसंतीची ती भाषा मला तोवर कळायला लागली होती. मी धावत बोळात गेलो. त्या दिवशी ओरडलो मी.

पुढं दोन हजारनंतर माझं स्वतःचं छोटं दुकान झालं. शेतकरी मोटार टेंपोतून उतरवत म्हणतात, "पावणं, ऊस वाळाय लागलाय, आज द्या की." मीही आता मोठ्यानं बोलतो. काम मागायला कुणी आलं तर फोन नंबर ठेवून जा, असं मात्र मी म्हणत नाही. काय ते तोंडावर सांगून टाकतो, आणि वर चहा सांगतो.

मोबाइल आले तसा अक्काचा बूथ थंड पडला. मला वाटलं, आता ती खचणार. मी भीत-भीत गेलो तर ती झेरॉक्सच्या मशीनचं झाकण उघडून आत डोकं घालून बसली होती. "बघतोस काय? शिकाय नको व्हय?" तिच्या निम्म्याही वयाच्या पोराकडून ती मोबाइलचं रिचार्ज शिकत होती, चुकत होती आणि त्यालाच दटावत होती. बाकडं तिनं काढलं नाही. कुणीतरी बसलेलं असतंच.

तिच्यासाठी काही करायला गेलो की उडवून लावते. "कर्ज फेडायला मी काय सोसायटी हाय व्हय?" पण घरी जाताना पेठेतला तो चढ ती अजून हातानंच चढते. मधे थांबते, खांदा चोळते, पुन्हा हँडल फिरवते. ते मला बघवत नाही. म्हणून बॅटरीवर चालणारी एक मोटार मी भरायला घेतली आहे. पंपाची मोटार वेगळी आणि ही वेगळी. पहिली टेबलावर छान फिरली, सायकलीला लावली आणि वजन आलं तशी तापून बसली. दुसरी जरा बरी आहे. अक्काला वास लागलाय. दुकानावरून जाताना मुद्दाम ओरडते, "काय रं भंडारा, झाली का न्हाय मोटार?"

"आज न्हाय, अक्का! चहा घे!" मी आतून ओरडतो.

पण अक्का, एक दिवस तू येशील आणि मी ओरडणार नाही. नुसता हात करून तुला बोलावीन. त्या दिवशी माझ्या हातानं भरलेली मोटार तुझ्या सायकलीला लागलेली असेल आणि तो चढ तू हात मांडीवर ठेवून चढशील. हे मी करणार आहे.