एकेरी दोरा

बाइंडरबुवा भारी देवभोळे. दुकान उघडलं की आधी हात जोडायचे, मग दाभण हातात घ्यायचे. बायको जाऊन सात वर्षं झाली होती. "आता आपला संसार देवाशी," असं ते येईल त्याला सांगायचे, कुणी विचारलेलं नसलं तरी.

मग समोरच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई आईचं जुनं प्रार्थनेचं पुस्तक शिवायला घेऊन आल्या आणि बुवांची गाडी घसरली. त्या खेपेला पुस्तक खरोखरच खिळखिळं झालं होतं. बाई स्टुलावर बसल्या, बोलल्या, हसल्या. एरवी मेण लावलेल्या दुहेरी दोऱ्याशिवाय बुवांचं दाभण हलत नसे. हे पुस्तक मात्र त्यांनी कोरड्या, एकेरी दोऱ्याने शिवलं. तीन महिन्यांत पानं सुटली. बाई परत आल्या, परत बसल्या. बुवांचा दोरा परत एकेरी.

मनाची समजूत काढायला बुवा पटाईत. म्हणे, जुन्या कागदाला जाड दोरा सोसत नाही. म्हणे, पैसे घेत नाही म्हणजे ही सेवाच. आणि वारंवार शिवावं लागतं, कारण बाई वाचतातच तेवढ्या भक्तीने! आता काय बोलायचं या माणसाला?

थोरली बहीण दुपारी डबा घेऊन यायची. तिने एकदा विचारलंच, "तुझ्या हातचं काम तीन महिन्यांत सुटतं?"

"अक्का, कागद जुना आहे."

"कागद ठीक आहे. तुला म्हातारचळ लागलाय."

चौथ्या खेपेला बाई बसल्या नाहीत. "लांबच्या शाळेत बदली आलीय," त्या म्हणाल्या. "उद्या उत्तर द्यायचंय. मला ठरवता येईना, म्हणून देवावर सोडलं. आजपर्यंत पुस्तक टिकलं तर राहायचं, सुटलं तर जायचं. सकाळीच सुटलं."

बुवांनी हातातलं दाभण खाली ठेवलं. "देव असा दोऱ्यातून बोलत नसतो हो."

"रोज हात जोडता ना तुम्ही? मग कशातून बोलतो?"

बुवांनी खळीच्या डब्याचं झाकण लावलं, परत काढलं. शेवटी म्हणाले, "त्यात देवाचा हात नाही, बाई. मीच मुद्दाम कच्चं शिवायचो. तुम्ही पुन्हा यावं म्हणून."

"किती वेळा?"

"तीनदा."

"आणि पैसे घेत नव्हतात ते?"

"लाज वाटायची."

बाईंचा चेहरा लाल झाला. "माझ्या आईचं पुस्तक आहे ते. शिवा आत्ता, माझ्यासमोर. पक्कं." आणि त्या स्टुलावर बसल्या.

बुवांनी दोरा दुहेरी केला, मेणावरून ओढला. प्रत्येक टाक्यागणिक बाईंची दुकानात येण्याची वाट बंद होतेय हे त्यांना कळत होतं. जीव तुटत होता, पण टाका चुकला नाही. बाईंनी पानं ओढून पाहिली.

"आता सुटायचं नाही?"

"तुमच्या-माझ्या हयातीत तरी नाही."

"मग मी राहिलेच, तर या दुकानात यायचं कशासाठी?"

बुवांच्या जिभेवर देवाचं नाव आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"माझ्यासाठी या."

बाईंनी पुस्तक पिशवीत ठेवलं. मग त्यांनी त्याच पिशवीतून बदलीचा कागद काढला आणि त्या म्हणाल्या, "पेन द्या. नकार इथेच लिहून टाकते."