भज्यांवर डबल बेल

आमच्या नळदुर्ग-धाराशिव एसटीचे कंडक्टर तिकिटाबरोबर पथ्यही सांगतात. "गुरुजी, प्रवासात पोट निम्मं रिकामं पायजे," म्हणत ते माझ्या शेजारी टेकतात आणि फडक्यातली ज्वारीची भाकरी सोडतात. सोबत काकडी आणि भाजलेले शेंगदाणे. एकेक घास बत्तीस वेळा चावतात. मध्येच कुणी काही विचारलं तर बोट वर करून त्याला थांबवतात, नाहीतर मोजणी चुकते.

तुळजापूरला गाडी दहा मिनिटं थांबते. स्टँडबाहेरच्या गाड्यावर भज्यांचा घाणा निघाला की हे चौथ्याच मिनिटाला डबल बेल मारतात. "त्या तेलाचं डांबर झालंय. लई माणसं वाचवली म्या!"

पण बेल ऐकून कुणी भजी सोडत नाही, जो तो कागदात बांधून पळत गाडीत येतो. परवा मीही तसाच आलो. गाडीभर वास दरवळत होता. कंडक्टर माझ्याजवळ येऊन उभे राहिले आणि पुडीकडं बघत राहिले. मी ओशाळलो.

"किती हायत?"

"आठ."

"तुमच्या वयाला आठ लई झाली." त्यांनी चार उचलली आणि माझ्या भल्यासाठी खाऊन टाकली. या खेपेला घास मोजले नाहीत.

मला लाज वाटली. काल तुळजापुरात मी जागचा हललोच नाही. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, तरी बेल वाजेना. शेवटी ते माझ्याकडं वाकून हळूच म्हणाले,

"उतरा की गुरुजी, गाडी थांबवलीय."